बिनपानाची ओळ

एका जंगलात, सकाळी आठच्या सुमारास, डोहाच्या काठावर एक पाणमांजर अर्धं पाण्यात आणि अर्धं जमिनीवर बसलेलं आढळलं.

पुढचे पाय चिखलात होते. मागचे पाय आणि शेपटी पाण्यात होती. हालचाल नव्हती.

मुलांनो, पाणमांजर कधी असं बसत नाही. ते मासा धरतं, खातं, लोळतं आणि परत मासा धरतं. विचार करत बसणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून वरच्या फांदीवरून खंड्या खाली आला. खंड्या म्हणजे तो निळा, लांब चोचीचा पक्षी. मासेमारीमुळे त्याची आणि या पाणमांजरीची जुनी भांडणं होती. तिचं नाव रेवा.

"काय गं रेवा, पोटात दुखतंय का?"

"नाही. हुकूम पाळतेय."

"कसला हुकूम?"

रेवाने नाकाने झाडाची एक साल पुढे ढकलली. तिच्यावर दोन ओळी होत्या. पहिली अशी: 'दुपारच्या आत टेकडीवर जावे.' दुसरी अशी: 'दुपारच्या आत खोल पाण्यात जावे, काठावर थांबू नये.'

खंड्याने दोन्ही ओळी वाचल्या. मग रेवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे तू दोन्ही पाळतेस."

"निम्मं निम्मं."

"आणि पिल्लं?"

खरी अडचण तीच होती. काठावरच्या जांभळाच्या मुळांखाली रेवाचं बीळ होतं आणि बिळात तिची दोन पिल्लं होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. पाणमांजराच्या पिल्लाला जन्मतः पोहता येत नाही, आईला शिकवावं लागतं.

"पाण्यात नेली आणि चुकलं, तर बुडतील," रेवा म्हणाली. "टेकडीवर नेली आणि चुकलं, तर मुंगसं वाट बघत बसलेलीच आहेत. कशासाठी जायचं ते कळलं असतं तर ठरवलं असतं. नेमकं तेवढंच लिहिलेलं नाही. तुझ्या प्रतीत काय आहे?"

दुसऱ्याची प्रत वाचणं त्या जंगलात असभ्य समजत. खंड्या जरा घुटमळला. मग त्याने आपली साल दाखवली. 'पक्ष्यांनी आज बांधाकडे फिरकू नये. आपल्या पिसांचा रंग हे जंगलाचे भूषण आहे.'

"कारण यातही नाही," रेवा म्हणाली.

"रंगाचं मात्र खरं लिहिलंय," खंड्या म्हणाला.

आता हे प्रतीचं प्रकरण काय, ते आधी ऐका.

पूर्वी त्या जंगलात सगळ्यांना एकच हुकूम निघायचा. एक वानर झाडावर चढून तो ओरडायचा आणि सगळे ऐकायचे. ज्याला लागू नसेल तो कान खाजवून पुढे जायचा. पण मग तक्रारी सुरू झाल्या. 'ओढ्यापाशी पाय जपून टाका' असा हुकूम निघाला तेव्हा साप आठवडाभर कोणाशी बोलला नाही. 'सकाळी लवकर हजर राहावे' हे ऐकून घुबडाच्या घरी रडारड झाली. वाघराजांच्या जेवणाच्या वेळा जाहीर झाल्या तेव्हा हरणांतल्या तिघीचौघी जागच्या जागी आडव्या झाल्या.

वाघराजांचे चिटणीस होते साळिंदरपंत. अंगावर लेखण्या उगवतात, एवढ्याच गुणावर त्यांची नेमणूक झाली होती. पंतांनी यावर एक योजना काढली.

कचेरीसमोर एक मोठा काळा कातळ होता. त्यावर पंत चुन्याने सगळा हुकूम लिहीत. ती मूळ प्रत. मग प्रत्येक ओळीच्या डोक्यावर डिंकाने एक पान चिकटवत. हरणांच्या ओळीवर पळसाचं, डुकरांच्या ओळीवर अळूचं, पाण्यात राहणाऱ्यांच्या ओळीवर कमळाचं, जमिनीवर राहणाऱ्यांच्या ओळीवर सागाचं. कारकून वानर त्यावरून साली उतरवत. हरणाची साल असेल तर पळस आणि साग असलेल्या ओळी घ्यायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. म्हणजे लिहायचं एकदाच, आणि प्रत्येकाला आपापल्यापुरतं.

योजना वाईट नव्हती. वाईट योजना जंगलात टिकत नाहीत. चांगल्या योजना टिकतात आणि मग त्यांचं हे असं होतं.

वानरांसाठी पंतांनी नियम अगदी सोपा ठेवला होता: ज्याचं पान त्याची ओळ. आणि कारकून म्हणून वाचता न येणारेच वानर निवडले होते. वाचता येणारा मध्येच थांबतो आणि विचारतो, असा त्यांचा अनुभव होता.

रेवा पाण्यातही राहते आणि जमिनीवरही. तिच्या नावावर कमळ होतं आणि सागही होता. म्हणून तिच्या सालीवर दोन्ही ओळी उतरल्या. त्यात वानराची काहीही चूक नव्हती. मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. या गोष्टीत पुढे कोणाचीच चूक निघणार नाही.

रेवाने पिल्लांवर नजर ठेवायला खंड्याला सांगितलं आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. कचेरी टेकडीच्या मध्यावर होती.

वाटेत हरणांचा कळप उभा होता. त्यांच्या सालीवर लिहिलं होतं, 'दुपारच्या आत टेकडीवर जावे. आपल्या चपळाईचा जंगलाला अभिमान आहे.' एकही हरीण हललं नव्हतं.

"तुम्हाला तर सरळ टेकडीच सांगितलीय," रेवा म्हणाली. "मग उभ्या का?"

"टेकडीवर कोण राहतं?" म्हातारी हरिणी म्हणाली.

"वाघराजे."

"आणि दुपारी ते काय करतात?"

रेवाने वर टेकडीकडे पाहिलं.

"कारण लिहिलेलं नाही आणि कौतुक लिहिलंय," हरिणी म्हणाली. "एवढ्या वर्षांत आमचं कौतुक कधी होतं, ते आम्हाला पाठ आहे."

पुढे चिखलात रानडुकरांचे आबा लोळत होते. त्यांची साल त्यांच्याच पाठीखाली होती.

"आबा, तुम्हाला काय आलंय?"

"चिखल सोडा म्हणून आलंय. कशाला सोडा ते नाही. म्हणजे हत्तींना हवा असणार." आबांनी कूस बदलली. "या म्हणावं. बघतो."

रेवा कचेरीत पोहोचली. खिडकीशी एक कारकून वानर बसला होता.

"माझ्या प्रतीत दोन उलट ओळी आल्यात," रेवा म्हणाली. "त्यातली खरी कोणती?"

वानराने साल उलटी धरून पाहिली. मग सुलटी धरून पाहिली.

"दोन्ही पानं बरोबर आहेत, बाई. तुम्ही पाण्यातल्या की जमिनीवरच्या?"

"पोहते पाण्यात, झोपते जमिनीवर."

"मग एक काहीतरी व्हा. पाणी सोडत असल्याचा अर्ज द्या, कमळ काढून टाकू."

"पाणी सोडलं तर खाऊ काय?"

"ते खातं वेगळं."

रेवाने खिडकी सोडली आणि ती सरळ कातळाकडे गेली. तिथे जाऊन मूळ प्रत वाचण्याची कोणालाही मनाई नव्हती. आजवर ते कोणाला सुचलंच नव्हतं. साळिंदरपंत कातळाशी उभे राहून डिंक वाळतोय का ते पाहत होते.

कातळावर खूप ओळी होत्या आणि प्रत्येकीवर पान होतं. फक्त सगळ्यात वरच्या, सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या ओळीवर पान नव्हतं. रेवाने ती वाचली.

'हत्तींनी आंघोळीसाठी वरच्या ओढ्यावर घातलेला ओंडक्यांचा बांध गळू लागला आहे. आज दुपारी तो फोडण्यात येईल. डोहाला पूर येऊन दोन्ही काठ बुडतील.'

तिने ती परत वाचली. 

"पंत, ही ओळ माझ्या प्रतीत नाही."

"कशी असेल? तिच्यावर पान नाही."

"पान का नाही?"

"कारण ती सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांच्या ओळीला वेगळं पान कशाला?"

"मग ती सगळ्यांना का नाही गेली?"

"पान नाही म्हणून," पंत म्हणाले. ते अजिबात चिडले नव्हते. "वानरांना नियम दिलेला आहे. ज्याचं पान त्याची ओळ. ज्या ओळीला पानच नाही, ती कोणाची? कोणाचीच नाही. त्यांनी बरोबर सोडली."

"म्हणजे ही ओळ जंगलात कोणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," पंत जरा दुखावून म्हणाले. "मीच लिहिली."

"पंत, काठावर माझी पिल्लं आहेत. हरणं खाली आहेत, डुकरं खाली आहेत. त्या ओळीवर आत्ताच्या आत्ता काहीतरी चिकटवा. कुठलंही पान चिकटवा."

"मूळ प्रतीला राजांच्या मंजुरीशिवाय हात लावता येत नाही. तुम्ही राजांना भेटा. भेटीची वेळ दुपारनंतरची आहे."

रेवा तोवर थांबली नाही. ती तशीच वर गेली आणि वाघाच्या गुहेत शिरली. मुलांनो, दोन पिल्लांची आई वाघाच्या गुहेत न विचारता शिरते, तेव्हा बाहेर काय चाललं असेल, याचा अंदाज वाघाने करायला हवा होता.

वाघराजे नुकते जागे झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उशाखालची आपली साल काढली. राजांच्या प्रतीची साल चंदनाची असे.

"माझ्या प्रतीत तर वेगळंच आहे," ते म्हणाले आणि मोठ्याने वाचू लागले. "'सर्व प्रजा वेळेत टेकडीवर सुखरूप पोहोचली. राजांचा जयजयकार झाला.'"

"कोणी पोहोचलेलं नाही, महाराज. सगळे खाली आहेत."

"तू कुठे आहेस?"

"मी इथे. तुम्हाला सांगायला आले."

"म्हणजे टेकडीवर."

"हो, पण..."

"सुखरूप?"

रेवाने वाघाच्या पंजाकडे पाहिलं. "आत्तापर्यंत," ती म्हणाली.

"मग बरोबरच लिहिलंय," राजे म्हणाले. "जयजयकार तेवढा राहिलाय."

रेवाने जयजयकार केला, कारण गुहेतून बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. मग ती टेकडीवरून घसरत, गडगडत खाली आली. ऊन डोक्यावर येत होतं.

वाटेत ती ओरडत होती, "बांध फोडणार आहेत. पूर येणार आहे. वर पळा."

हरणांनी कान टवकारले. "हे कोणासाठी आहे?" एका तरुण हरणाने विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"आमच्या प्रतीत नाही."

"कोणाच्याच प्रतीत नाही."

"मग आम्हाला कसं लागू होईल?" हरणाने शांतपणे विचारलं. मुलांनो, त्याला हसू नका. तुमच्या वाडवडिलांनीही असं विचारलेलं आहे आणि तेव्हा त्यांच्या गळ्यात चष्मे होते.

रेवा वाद घालत बसली नाही. काठावर आल्या आल्या तिने खंड्याला सांगितलं, "जा, वर हत्तींना सांग. म्हणावं खाली सगळे आहेत, अजून फोडू नका."

"माझ्या प्रतीत बांधाकडे फिरकू नये असं आहे."

"खंड्या."

खंड्याने एकदा आपल्या सालीकडे पाहिलं. मग ती पाण्यात टाकली आणि उडाला.

रेवा बिळात शिरली. पिल्लं दोन होती आणि तोंड एकच होतं. तिने पहिल्याला मानेला धरून उचललं आणि बाहेर आणलं. दुसरं आतून किंचाळायला लागलं. तिने पहिल्याला खाली ठेवलं आणि दुसऱ्याला आणलं. मग पहिलं किंचाळायला लागलं. थोडं एकाला पुढे न्यायचं, ठेवायचं, परत येऊन दुसऱ्याला न्यायचं, असं ती करू लागली. त्या चालीने टेकडी संध्याकाळी आली असती.

चिखलातून आबा हे पाहत होते.

"काय गं, हे काय चाललंय?"

तोंडात पिल्लू असल्यामुळे रेवाला बोलता आलं नाही. तिने फक्त आबांकडे पाहिलं आणि पुढे निघाली.

आबा उठले. चिखलातून त्यांची पाठ सुटताना मोठा आवाज झाला. त्यांनी आयुष्यात बरेच हुकूम पाठीखाली घातले होते. पण डोळे न उघडलेलं पोर भर उन्हात तोंडात धरून आई निघते, तेव्हा तिला वाचून दाखवायला सांगत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

"दुसरं माझ्या पाठीवर टाक," आबा म्हणाले. "आणि धर म्हणावं घट्ट. मला परत मागे बघता येत नाही, मान वळत नाही माझी."

रेवाने दुसरं पिल्लू आबांच्या पाठीवर ठेवलं. तिथे इतका चिखल होता की ते चिकटूनच बसलं.

आबा निघाले म्हणून सगळी डुकरं निघाली. डुकरं चिखल सोडून चालली हे पाहून हरणं घाबरली, कारण असं कधीच झालं नव्हतं. हरणं पळाली म्हणून ससे पळाले, ससे पळाले म्हणून साळुंक्या ओरडल्या आणि जो तो टेकडीच्या वाटेला लागला. कोणी कोणाला पान विचारलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी खंड्या परत आला. तो धापा टाकत होता.

"सांगितलंस?" रेवाने पिल्लू खाली ठेवून विचारलं.

"सांगितलं. मोठी हत्तीण म्हणाली, उशीर केलास. खाली कोणी उरलं नाही असा निरोप आम्हाला मघाशीच आलाय."

"कोणाचा निरोप?"

"तेच विचारत होतो. तेवढ्यात त्यांनी ओंडका ओढला."

मग तो आवाज आला. आधी झाडं मोडल्यासारखा, मग नुसता घोंघाट. रेवाने पिल्लू उचललं. आबा तिच्या मागून येत होते, दुसरं पिल्लू त्यांच्या पाठीवर होतं. पाणी डोहात उतरलं, जांभळाच्या मुळांवरून गेलं आणि बीळ होतं त्या जागेवर तपकिरी फेस उभा राहिला. मग ते टेकडी चढू लागलं. ते आबांच्या शेपटीपर्यंत आलं. आबा थांबले नाहीत. त्यांना मागे बघता येत नव्हतं, हे त्या दिवशी फार बरं झालं.

कातळाच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी चढलं आणि तिथे थांबलं.

संध्याकाळी मोजदाद झाली. सगळे होते. शेवटी एक खवलेमांजर तेवढं सापडेना. ते उंबराच्या शेंड्यावर सापडलं. तिथे कसं पोहोचलं ते त्यालाही सांगता येईना आणि उतरायला ते तयार नव्हतं.

पुढची गोष्ट दुसऱ्या सकाळची. कातळावर पाण्याचे सपकारे बसले होते. चुन्याची अक्षरं टिकली होती, पण डिंक सुटून पानं सगळी वाहून गेली होती. आता कुठली ओळ कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे त्या जंगलात पहिल्यांदाच सगळ्यांनी सगळा हुकूम वाचला. हरणांनी डुकरांच्या ओळी वाचल्या. डुकरांनी हरणांच्या वाचल्या आणि 'चपळाई'पाशी जरा खोकली. वाघराजांची ओळ वाचताना मात्र कोणी खोकलं नाही.

सगळ्यात खाली दोन ओळी होत्या, त्या खाली राहणाऱ्यांपैकी कोणी आजवर ऐकल्या नव्हत्या. एक हत्तींची: 'खाली कोणी उरले नाही असा निरोप आल्यावरच बांध फोडावा.' दुसरी वानरांची: 'सर्वजण टेकडीवर पोहोचल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वानरांनी हत्तींना निरोप द्यावा.'

सगळ्यांनी कारकून वानरांकडे पाहिलं.

"आम्हाला अशी प्रत आली नाही," मुख्य कारकून म्हणाला.

"प्रती कोण उतरवतं?" रेवाने विचारलं.

"आम्ही."

"मग तुमची कोण उतरवतं?"

वानरांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्या जंगलाच्या साली उतरवण्याच्या गडबडीत आपलीही एक साल असते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या ओळीला पान होतं, पण ती घेणारी साल नव्हती. निरोप त्यांनी दिलाच नव्हता.

चौकशी झाली. ती साळिंदरपंतांनीच केली, कारण लेखण्या त्यांच्याकडे होत्या. अहवाल त्यांनी कातळावर लिहिला, नवी पानं चिकटवली आणि वानरांनी प्रती उतरवल्या. हरणांच्या प्रतीत डुकरांनी वाट अडवल्याचं होतं. डुकरांच्या प्रतीत हरणांनी उशीर केल्याचं होतं. खंड्याच्या प्रतीत त्याच्या पिसांचा रंग पुरानंतरही टिकल्याबद्दल समाधान होतं. राजांच्या प्रतीत पूर नव्हता.

रेवाला दोन ओळी आल्या. पहिली: 'प्रसंगावधान राखून टेकडी गाठल्याबद्दल आपले अभिनंदन.' दुसरी: 'हुकूम मोडून पाणी सोडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा.'

तिने ती साल नव्या बिळात पिल्लांच्या अंगाखाली घातली. पिल्लांचे डोळे आता उघडले आहेत. ती साल चावतात.

तात्पर्य: बाळांनो, सगळ्यांच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट सगळ्यांना सांगू नये, त्याने प्रत्येकाचं वेगळेपण दुखावतं. प्रत्येकाला त्याच्यापुरतं सांगावं, त्याच्या रंगाचं कौतुक करावं आणि राजाला शेवट आधी कळवावा. असं केलं की कितीही मोठा पूर आला तरी चूक कोणाची नसते. आणि आपल्या प्रतीत नसलेलं कोणी ओरडून सांगत असेल, तर आधी त्याचं पान विचारावं.

बांध मात्र निरोप आल्यावरच फोडला, असं हत्ती आजही सांगतात. वानरांनी तो दिला नव्हता. तो कोणी दिला, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.